रस्त्याकडेचं जळण आणि थंडीची बेगमी (सातारा, सांगली आणि वर उत्तरेकडे)

जावळी_खोरं (धागाकर्ता)

डिसेंबरात पारा उतरला की जळणाचे प्रश्न सुरू होतात, आणि तेव्हा सांगण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. दिवाळीनंतर तोडलेलं ओलं लाकूड त्याच हिवाळ्यात धड जळत नाही. म्हणून धागा आत्ता, माघ संपताना काढतोय. यंदाच्या नाही, पुढच्या थंडीसाठी.

आपल्याकडच्या जळणाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. मेढा, बामणोली, कोयनेच्या बाजूला जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकी ओल की झाकून ठेवलेलं लाकूडही थोडं दमट होतं. लाकूड वाळवायचे खरे दिवस फेब्रुवारी ते मे. त्या चार महिन्यांत जे वाळलं आणि मृगाच्या आधी छपराखाली गेलं, तेच थंडीत उपयोगी.

रस्त्याकडेला जळण मिळतं ते मुख्यत: दोन वेळा. वळवाच्या वादळात एप्रिल-मे महिन्यांत फांद्या मोडून पडतात. आणि पावसाळ्यापूर्वी वीजतारांना लागणाऱ्या फांद्या महावितरणची माणसं छाटतात, त्या तिथेच कडेला पडून राहतात. हा माल ओला असतो, पण पातळ असतो. अंगठ्याएवढी काटकी उन्हात पंधरा दिवस ते महिन्याभरात वाळते. मनगटाएवढ्या फांदीला दोन महिने धरा. चार बोटं जाडीची फोडलेली ढलपी तीन-चार महिने घेते. सालीसकट अखंड ओंडका मात्र वर्षभरातही आतून वाळत नाही, कारण साल पाणी अडवते आणि ओल बाहेर पडते ती बहुतेक कापलेल्या तोंडांतून. त्यामुळे मे महिन्यात उचललेलं जाड लाकूड पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या हिवाळ्याचं समजा.

तोडायचं ते हातभर लांबीचं, बंबासाठी (मधल्या नळ्यात जळण टाकून पाणी तापवायचं भांडं) वीतभर. आणि फोडायचं ते ओलं असतानाच. बाभूळ ओली असताना कुऱ्हाडीच्या दोन घावांत उकलते, वाळल्यावर पाचर आणि घण घेऊन बसावं लागतं.

रचताना खाली दगडांवर दोन आडव्या बल्ल्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच घ्या, नाहीतर वाळवी खालून चढते. वरून पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळून बांधणं ही सगळीकडे दिसणारी चूक. आतली वाफ आतच राहते आणि लाकडाला बुरशी धरते. पावसाचा मारा नैऋत्येकडून, म्हणून थप्पी घराच्या पूर्वेला.

बाकीचं जाणकारांनी भर घालावी.

माणगंगा

धागा वेळेवर. दहिवडी-आटपाडी-जत पट्ट्यातून झाडांची भर घालतो, कारण रस्त्याकडेला पडलेलं सगळंच जळण नसतं.

बाभूळ एक नंबर. जड, निखारा धरणारी, राख कमी. वेडी बाभूळ तितकीच ताकदीची, आमच्याकडे कोळशाच्या भट्ट्या तिच्यावरच चालतात. काटा मात्र वाईट. चपलेतून आरपार जातो, टोक आत मोडलं तर पू धरतो. जाड तळव्याचे बूट आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय तिच्यात शिरू नका. आधी कोयत्याने काटेरी शेंडे उतरवून वेगळे करा, मग दांडकी ओढा.

सुबाभूळ हलकी पण स्वच्छ जळते, धूर थोडा, लवकर वाळते. नवख्याने हिच्यापासून सुरुवात करावी. निलगिरी जोरात पेटते, तेलामुळे तडतडते, ठिणग्या उडवते. बंबात चांगली, उघड्या शेकोटीत मुलं जवळ असतील तर नको. तिचा पीळ वाळल्यावर आवळतो, त्यामुळे तीही ओलीच फोडायची. पाचगणीकडची सिल्व्हर ओक सरळ उकलते आणि भराभर जळून जाते. जांभूळ जड आणि टिकाऊ. कडुनिंब पाणी तापवायला ठीक, धूर उग्र. आंबा मध्यम, नीट वाळला नसेल तर धूर डोळ्यांना झोंबतो.

चिंच जळते उत्तम, पण फोडायच्या भानगडीत पडू नका. तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. खाटीक ठोकळ्याला चिंचच घेतो ती त्यामुळेच. फक्त बारीक फांद्या घ्या.

पांगारा, सावर, शेवगा उचलायचे कष्टही वाया. वाळल्यावर वजन उरत नाही. गुलमोहर त्यातल्या त्यात बरा, पण एक पाऊस लागला की कुजायला लागतो.

पसरणी_घाट

कण्हेर राहिली. महामार्गाच्या दुभाजकात गुलाबी-पांढरी कण्हेर रांगेने लावलेली असते, छाटणी झाली की ढीगच्या ढीग कडेला येऊन पडतात आणि वाळलेल्या काटक्या बघून हात जातो. हात लावू नका. कण्हेर पूर्ण विषारी, वाळल्यावरही, आणि तिचा धूरसुद्धा. पिवळी बिट्टी तशीच. शेकोटीवर कणीस भाजायला कण्हेरीची काडी तर चुकूनही वापरू नये.

कुंपणाचा शेर आणि निवडुंग: चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि डोंगराकडच्या मंडळींनी बिब्बा ओळखायला शिका. तोडताना अंगावर उततोच, जाळला तर धुराने तोंड-डोळे सुजतात.

कुपवाड_वर्कशॉप

रस्त्याकडेचं म्हणजे नुसत्या फांद्या नाहीत. एमआयडीसीच्या रस्त्यांना फेकलेल्या पॅलेट आणि खोकी भरपूर असतात. वाळलेलं लाकूड, ताबडतोब जळणारं. पण आधी शिक्का बघा. आयातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी अक्षरं डागलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घरात आणू नका. शिक्का नाही, पण तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, तरी नको.

प्लायवूड, सनमायका, रंग दिलेल्या जुन्या चौकटी जाळू नयेत. डिंकातून आणि रंगातून निघणारा धूर विषारी, जुन्या रंगात शिसं असतं. मिरजेकडे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुठेकुठे बांधावर दिसतात. ते डांबरतेलात मुरवलेले असतात, म्हणून चुलीत, बंबात, शेकोटीत कशातच नको.

रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाच्या खोडात खिळे असतात. पाट्या ठोकलेल्या, तारा गुंडाळलेल्या, वर्षांनुवर्षांत साल त्यांच्यावरून वाढलेली. सालीवर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरा आणि तिथून हातभर लांब कापा. चेन सॉची साखळी खिळ्यावर गेली की दातांची धार जाते, तुटलीच तर अंगावर येते.

वाई_कर

प्रश्न: पडलेली फांदी उचलली तर गुन्हा होतो का? गावाकडे कोणी विचारत नाही, पण एका ठिकाणी टेम्पो अडवल्याचं ऐकलं.

शासकीय_टिपण

रस्ता कोणाचा त्यावर झाड कोणाचं ते ठरतं. राष्ट्रीय महामार्गावरची झाडं महामार्ग प्राधिकरणाकडे, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. पडलेलं झाडही त्यांचंच राहतं आणि मोठ्या खोडांचा लिलाव होतो. काटक्यांची मोळी नेणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, पण तो हक्क नव्हे. वाहन भरून न्यायचं असेल तर त्या रस्त्याच्या उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्या. वादळानंतर रस्ता मोकळा करायची त्यांनाही घाई असते, विचारलं तर अनेकदा अडचण येत नाही.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

राखीव वनातून लाकूड काढणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा, ते पडलेलं असलं तरी. महाबळेश्वर, कोयना, चांदोली या बाजूला घाटातल्या रस्त्याची कड संपली की लगेच वनहद्द लागते. हद्दीचे दगड बघा. कोयना आणि चांदोली तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथे काडीही उचलायची नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, खाजगी मिळकतीतल्या झाडांनाही तिथे जास्त बंधनं.

साग, खैर, चंदन पडलेलं दिसलं तरी हात लावू नका. वाहतूक परवान्याशिवाय गाडीत सापडलं तर ते कुठून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. जत-आटपाडीकडे चंदनाबाबत विशेष सांभाळा.

स्वत:च्या शेतातली झाडंसुद्धा १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात, ठराविक जातींना परवानगी लागते. नगरपालिका हद्दीत १९७५ चा कायदा. तिथे वाळलेलं झाड पाडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

पसरणी_घाट

कायद्याइतकंच रस्त्याचं भान हवं. घाटात गाडी वळणावर उभी करायची नाही, पूर्ण रस्त्याबाहेर घेता आली तरच थांबायचं. मागे पन्नास पावलांवर लाल फडकं किंवा त्रिकोण. धुक्यात आणि अंधार पडल्यावर गोळा करणं बंद. केळघर आणि आंबेनळी घाटात तर पावसाळ्यानंतर फांदीखाली सुटे दगड अडकलेले असतात, फांदी ओढली की दगड खाली येतो.

तारेवर पडलेली फांदी कितीही चांगली असो, तिच्या जवळ जाऊ नका. ओल्या लाकडातून वीज उतरते. १९१२ वर फोन करा आणि तार बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब थांबा.

अर्धवट मोडून वाकलेली फांदी ताणात असते. ती कापताना आधी दाबल्या गेलेल्या, म्हणजे आतल्या बाजूला जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काप घ्या. मग ताणलेल्या, बाहेरच्या बाजूने कापत या. उलट केलं तर फांदी उभी चिरत जाते आणि उसळून छातीवर येते. आपण उभं राहायचं ते बाजूला, तिच्या झेपेच्या रेषेत कधीच नाही.

बेदाणा

तासगाव-मिरज भागातून: द्राक्षाच्या काड्या. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि पुढे फळछाटणीला बांधावर मोप काड्या पडतात, बरेच बागायतदार फुकट नेऊ देतात. उन्हात आठवड्याभरात वाळतात, पेटवणाला उत्तम. पण त्यावर मोरचूद आणि गंधकाच्या फवारण्या असतात. उघड्यावरच्या बंबात जाळा, भाकरीच्या चुलीत नको. काढून टाकलेल्या जुन्या वेलीचा बुंधा मात्र सोडू नका, तो बाभळीसारखा निखारा धरतो.

मक्याची बुरकुंडं, करवंट्या, तुराट्या, पऱ्हाट्या ही सगळी पेटवणाची सामग्री, वेगळ्या पोत्यात ठेवावी. उसाचं पाचट जळण म्हणून आणू नका, भुर्रकन जातं आणि रानाला त्याची जास्त गरज आहे.

सैदापूर_सातारा

एका चौघांच्या घराला हिवाळ्याला किती जळण लागेल? फक्त बंब, स्वयंपाक गॅसवर.

जावळी_खोरं

हिशेब मांडून बघू. बंबात ४० लिटर पाणी, थंडीत ते १५ अंशांवर असतं, आंघोळीला ४५ पर्यंत न्यायचं. ३० अंश वाढ, म्हणजे १,२०० किलोकॅलरी पाण्याला मिळायला हव्यात. वाळलेल्या लाकडातून (ओल २० टक्के) किलोमागे साधारण ३,४०० मिळतात. चांगला बंब त्यातला तिसरा हिस्सा पाण्याला देतो, बाकी नळ्यातून वर जातं. म्हणजे एका भरण्याला किलोभर लाकूड. दोन भरणी धरली तर रोज दोन ते अडीच किलो, चार महिन्यांना २५० ते ३०० किलो. फोडून रचलेली बाभूळ मीटरभर लांब, रुंद, उंच थप्पीत ४०० किलोच्या आसपास बसते, त्यामुळे एक भरगच्च थप्पी पुरे. वाकड्यातिकड्या फांद्या असतील तर दीड थप्पी धरा, मध्ये पोकळी राहते.

आता तेच लाकूड ओलं घ्या, ओल ४५ टक्के. किलोत लाकूडच निम्मं, आणि उरलेल्या पाण्याची वाफ करायला उष्णता खर्च. हाती २,१०० च्या आसपास राहतात. शिवाय आच मंद, धूर जास्त, नळ्याला काजळी. प्रत्यक्षात दुप्पट लाकूड जातं. वाळवण्याच्या मेहनतीचा मोबदला इथे दिसतो. तुलनेसाठी: एका भरण्याचं पाणी गॅसवर तापवलं तर पाव किलोपेक्षा थोडा कमी गॅस लागतो.

वाई_कर

वाळलं हे ओळखायचं कसं? वरून तर सगळंच कोरडं दिसतं.

माणगंगा

दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या तर वाळल्या, बद्द आवाज आला तर ओल्या. तोंडाला मधल्या गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या चिरा हव्यात. साल नखाने सुटली पाहिजे. तरीही शंका असेल तर एक ढलपी मधोमध फोडून आतली बाजू गालाला लावा, ओल असेल तर गार लागते.

वजनाची पद्धत सगळ्यात खात्रीची. थप्पीच्या मधली एक ढलपी खूण करून दर आठवड्याला किचनच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढी वाळायची तेवढी वाळली. अचूक आकडा हवा असेल तर ढलपीच्या मध्यातून दोन बोटं जाडीची चकती कापा, टोकाची नको. तोला, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, परत तोला. कमी झालेलं वजन भागिले आधीचं वजन. १०० ग्रॅमची ८० झाली तर ओल २० टक्के. २० च्या आत आणायचं.

थप्पीखाली पिवळा भुसा पडलेला दिसला तर पोरकिडा (लाकूड पोखरणारा किडा) लागलाय. ती लाकडं आधी जाळून टाका, तोवर घराच्या वाशांपासून लांब ठेवा.

बेदाणा

आणि थप्पीतून घेताना वरून घ्या, आधी काठीने आपटा. घोणस, मण्यार, फुरसं, विंचू, सगळ्यांना ती जागा आवडते. पहाटे अंधारात उघड्या हाताने ओढणं नको. थप्पी घराच्या दारापासून पाच-सहा पावलं तरी लांब हवी.

मिरज_शुश्रूषा

इथपर्यंत कोणीच खोलीतल्या शेगडीबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. दरवर्षी थंडीत माणसं दगावतात ती जळणाच्या धुराने नाही, निखाऱ्याने. कोळसा किंवा निखारा धूर देत नाही म्हणून लोक घमेल्यात भरून खोलीत घेतात आणि दार लावून झोपतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. झोपलेल्या माणसाला कळत नाही.

खुणा: डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पाय लटपटणं, झोप आवरेनाशी होणं. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी होत असेल, मांजर-कुत्रंही मलूल असेल, तर पित्त समजून लिंबू-सरबत देत बसू नका. सगळ्यांना बाहेर उघड्यावर आणा, दारं-खिडक्या उघडा, १०८ ला फोन करा आणि फोनवरच ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे सांगा, म्हणजे प्राणवायूची तयारी होते. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना धोका सर्वांत जास्त.

शेगडी घ्यायची असेल तर समोरासमोरच्या दोन फटी उघड्या, माणूस जागा, आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात. बंबही बंद मोरीत नको, पडवीत किंवा अंगणात.

सैदापूर_सातारा

धन्यवाद ताई. आमच्याकडे बंब मोरीतच आहे, छताला छोटं धुराडं आहे. चालेल का?

मिरज_शुश्रूषा

धुराडं बंबाच्या बरोबर वर आणि मोकळं हवं, आणि खाली दाराला फट हवी. वरून हवा जायची तर खालून यायला वाट लागते. दार घट्ट लागत असेल तर धुराड्याचा उपयोग अर्धाच. आंघोळीला बसण्याआधी बंबातला निखारा बाहेर काढून टाका.

केलाँग_वारी

वेगळा प्रश्न, पण इथेच विचारतो. धाकटा भाऊ कामासाठी हिमाचलच्या लाहौलमध्ये केलाँगला वर्षभर राहणार आहे. घरमालक म्हणतो खोलीत ‘तंदूर’ आहे, लाकूड तुमचं तुम्ही बघा. आपल्या सवयीने तिथे कसं निभणार?

अपशिंगे_फौजी

भावाला सांगा, आपल्या सवयी सोडून जायचं. तिथे महिनोन् महिने पारा शून्याच्या खाली असतो, रात्री उणे १० च्याही खाली जातो. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून वाट बऱ्यापैकी चालू राहते, पण हिमस्खलन झालं की बंद होतेच. जळण ऑक्टोबर संपायच्या आत पूर्ण भरलेलं हवं.

हिमाचलात ‘तंदूर’ म्हणजे रोटीची भट्टी नाही, पत्र्याची किंवा बिडाची बंद चूल, वरून नळी छताबाहेर. काश्मीरकडे तिला बुखारी म्हणतात. काम एकच. लाकडाला दार लावून हवा मोजून द्यायची आणि धूर नळीने बाहेर.

लाकूड. लाहौलमध्ये झाडी कमी, नदीकाठी लावलेली विलो आणि पॉपलर. दोन्ही हलकी, भराभर जातात, त्यामुळे ढीग मोठा लागतो. घरांच्या सपाट मातीच्या छतावर कडेने रचलेलं जळण दिसेल, ते त्या घराचं वर्षाचं भांडवल असतं, त्याला हात लावायचा नाही. सरकारी डेपोवरून जळण घ्या किंवा घरमालकामार्फत विकत. रस्त्याकडेचं पडलेलं उचलू नका. तिथे जंगलातलं वाळलेलं लाकूड नेण्याचे हक्क गावकऱ्यांचे, त्याला बर्तनदारी म्हणतात, बाहेरच्याला ते नसतात. खाली कुल्लू बाजूला देवदार आणि कैल (पाइनचा एक प्रकार) मिळेल. राळ असते, झटकन पेटतं, पण नळीत काळा चिकट थर धरतं, म्हणून पेटवणापुरतं. ओक मिळाला तर सोनं. सफरचंद आणि जर्दाळूच्या छाटणीची लाकडंही चांगली.

नळी. खोलीतला आडवा भाग जितका कमी तितका बरा, आणि तोही बाहेरच्या दिशेला चढता. नळीचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत बसलं पाहिजे. उलट जोडलं तर आतून ओघळणारं डांबर सांध्यातून खोलीत गळतं. छताच्या लाकडातून नळी जाते तिथे पत्र्याची चौकट आणि भोवती माती, लाकडाला नळी टेकता कामा नये. वरचं तोंड छतापासून हात-दीड हात उंच, वर टोपी, आणि बर्फ पडला की पहिलं काम ते तोंड मोकळं करणं. ते बुजलं तर ताईंनी वर लिहिलेला वायू सगळा खोलीत.

पेटवणं. थंडगार नळीतली हवा जड असते, धूर वर चढत नाही, उलटा येतो. म्हणून आधी नळीच्या बुडाशी जळता कागद धरून नळी कोमट करा, मग बारीक काड्या, मग ढलप्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं हवेची झडप पूर्ण उघडी ठेवून आच मोठी करा. रात्रभर टिकावं म्हणून सुरुवातीपासूनच झडप आवळून लाकूड धुमसत ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. धुमसणाऱ्या लाकडाचं डांबर नळीत साठतं आणि एक दिवस तेच पेट घेतं. नळी लाल होते, गडगड आवाज येतो. तसं झालं तर चुलीची सगळी हवा बंद करा, माणसं बाहेर काढा, नळीवर पाणी मारू नका, ती फुटते. दर दोन-तीन आठवड्यांनी, चूल पूर्ण गार असताना, नळी उतरवून ठोकून साफ करायची.

झोपताना चूल विझलेली आणि खिडकीची फट उघडी. थंडी रजईने थांबवायची.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी फळीवर न ठेवता. आतला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

केलाँग_वारी

काका, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. चुलीवर पाण्याचं भांडं ठेवतात ते कशाला? आणि कांगडी घेऊ का त्याच्यासाठी?

अपशिंगे_फौजी

त्या हवेत ओल नसते, खोली तापली की आणखी कोरडी होते, नाक-ओठ फुटतात. भांड्याची वाफ तेवढी भर घालते, आणि नळ गोठल्यावर तेच पाणी कामाला येतं.

कांगडी काश्मीरची. मातीचं भांडं, भोवती विलोच्या काड्यांची वीण, आत कोळसा, फेरनच्या (लांब सैल झग्याच्या) आत धरतात. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, त्यात तिच्याशिवाय पान हलत नाही. पण ते लहानपणापासूनच्या सवयीचं काम आहे. नवख्याच्या हातून ती कपड्यांवर उलटते, आणि वर्षानुवर्षं पोटामांड्यांना लावून धरली तर त्या जागी त्वचेचा कर्करोग होतो हे तिथल्या डॉक्टरांनी जुन्या काळापासून नोंदवलेलं आहे. भावाला लोकरीचे दोन थर आणि गरम पाण्याची रबरी पिशवी पुरे.

कास_पठार

आपल्याकडच्या शेकोटीबद्दल दोन ओळी. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याला दवाचे हिमकण होतात तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि गार हवा खोलगट जागी उतरून साठते. म्हणून शेकोटी आणि बसायची जागा तळाच्या खळग्यात नको, थोड्या चढावर, भिंतीच्या आडोशाला घ्या. तेवढ्या जागाबदलानेही ऊब लागते.

आणि डिसेंबरनंतर पठारावरचं गवत वाळून कोरडं झालेलं असतं. शेकोटीभोवती चार हात जमीन खरवडून मोकळी करा. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. वणवा लागला की पठार जळतंच, खालची हिरडा-जांभळाची राई पण जाते. टायर आणि प्लास्टिक टाकून शेकोटी मोठी करणाऱ्यांना कृपा करून थांबवा.

सैदापूर_सातारा

शेवटचं एक. बंब जुना, तांब्याचा. आधी अर्ध्या तासात पाणी तापायचं, आता तास लागतो. लाकूड वाळलेलंच आहे. तोटीच्या सांध्याला पाझरही आहे.

कुपवाड_वर्कशॉप

दोन थर साठलेत. नळ्याच्या आतून काजळी, पाण्याच्या बाजूने क्षार. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर क्षार लवकर धरतो. दोन्ही थर उष्णता अडवतात.

बंब गार असताना जाळी काढा, तारेचा गोल ब्रश लांब काठीला बांधून नळा वरून खालपर्यंत घासा, काजळी खाली पाडा. जाळीची भोकं राखेने बुजलेली असतील तर ती मोकळी करा, खालून हवा मिळाली नाही की आच बसतेच. मग बंबात पाणी भरून मूठभर चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगर टाकून कोमट करा, रात्रभर ठेवा, सकाळी हलवून ओतून द्या. क्षार जाड असेल तर पुन्हा करा. हातोडीने ठोकून क्षार काढू नका, तांबं पातळ झालेलं असतं, चीर जाते.

पाझर आहे तो डाग दिलेल्या सांध्याचा. बहुतेक वेळा बंब कोरडा पेटवल्याने किंवा पाणी तोटीखाली गेल्यावरही आच चालू राहिल्याने कथील वितळतं. तांबटाकडून जुना डाग पूर्ण काढून नवा करून घ्या, वरून एम-सील लावून भागत नाही, उष्णतेने ते सुटतं. डाग झाल्यावर काठोकाठ पाणी भरून रात्रभर तसाच ठेवा, खाली कोरडा कागद. सकाळी कागद कोरडा असेल तरच पेटवा. आणि यापुढे क्रम कायम: आधी पाणी, मग काडी. बादली काढली की लगेच तेवढं गार पाणी वरून घालायचं.

वरून ढलप्या टाकताना नळा ठासून भरू नका. दोन बोटं जाडीचे, वीतभर लांब चार-पाच तुकडे एका वेळी, ते निखाऱ्यावर आले की पुढचे.